मॅक्रोबायोटिक स्वयंपाक: नवशिक्याने कोणतं पुस्तक आधी उघडावं

मॅक्रोबायोटिक म्हणजे अख्खं धान्य, भाज्या आणि कडधान्यं यांवर उभी असलेली, जपानी वळणाची आहारपद्धती. त्यातला गोमाशिओ, म्हणजे भाजलेल्या तिळाचं मीठ, आता हवा तसा जमायला लागला आहे. एक भाग मीठ, साधारण सोळा भाग तीळ. मीठ आधी कोरडं भाजून बारीक करायचं, मग तीळ भाजून गरम असतानाच त्यात घालायचे आणि हलक्या हाताने घोटायचे. जपानी घरांत यासाठी सुरिबाची असते, आतून खाचा असलेलं मातीचं भांडं. माझं काम दगडी खलात भागतं. मिक्सर मात्र नको, तेल सुटून लगदा होतो. बहुतेक तीळ फुटले आणि थोडे अख्खे राहिले की थांबायचं.

भातही बसला आहे. हातसडीचा तांदूळ रात्रभर भिजवायचा, चिमूटभर मीठ आणि दीडपट पाणी घालून कुकर लावायचा. वाफ धरली की शिट्टी होऊ न देता मंद आचेवर पाऊण तास. हा भात चावून खावा लागतो आणि सगळी गोडी त्या चावण्यातच आहे.

हे दोन्ही मी अवेलिन कुशी यांच्या १९८५च्या जाड्या पाकपुस्तकातून शिकले. नवीन येणाऱ्यांना मी हेच पुस्तक आधी उघडायला सांगेन. धान्य, सूप, भाज्या, कडधान्यं, समुद्री शेवाळ अशा क्रमाने ते हाताला वळण लावतं. मिसो सूपमध्ये मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा) शेवटी विरघळवून उकळी का येऊ द्यायची नाही, कडधान्याच्या तळाशी कोम्बू या समुद्री शेवाळाचा तुकडा का ठेवायचा, हे त्यात नीट कळतं. (कोम्बूत आयोडीन भरपूर असतं, तुकडा लहानच ठेवा. थायरॉइडचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.)

यिन-यांगचा, म्हणजे प्रसरण आणि आकुंचन या दोन विरुद्ध शक्तींच्या समतोलाचा, विचार समजून घ्यायचा तर अवेलिन यांचे पती मिचिओ कुशी यांचं १९७७चं ‘द बुक ऑफ मॅक्रोबायोटिक्स’ आहे. ते हातात पळी स्थिरावल्यावर वाचावं, म्हणजे ‘हा पदार्थ आकुंचन करणारा, तो प्रसरण करणारा’ या वाक्यांना ताटाचा आधार मिळतो. कर्करोगाबद्दलचे त्या परंपरेतले दावे मी उपचार म्हणून वाचत नाही, कारण त्यांना पुरावा नाही.

जॉर्ज ओसावांच्या (१८९३–१९६६) ‘झेन मॅक्रोबायोटिक्स’बद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. या चळवळीचा पाया त्यांनी घातला, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्या पुस्तकातल्या आहाराच्या पायऱ्या चढत चढत सातव्या पायरीला फक्त धान्यावर येतात. १९६५ साली न्यू जर्सीत असाच आहार घेणारी एक तरुणी मरण पावली. मिचिओ कुशींनी पुढे मांडलेला आहार बराच मोकळा आहे: निम्मं किंवा थोडं जास्त अख्खं धान्य, पाव हिस्सा किंवा थोड्या अधिक भाज्या, बाकी कडधान्यं, शेवाळ आणि सूप, अधूनमधून मासे आणि फळं. ओसावांच्या पुस्तकाची जुनी प्रत हाती आली तर ती इतिहास म्हणून वाचा, तिच्यावरून ताट वाढू नका.

दुसरं वाचन पाकपुस्तकांच्या बाहेरचं आहे. १९८०च्या दशकात नेदरलँड्समध्ये मॅक्रोबायोटिक कुटुंबांतल्या बाळांचा अभ्यास झाला. त्यांची वाढ मंदावलेली होती, बी१२ आणि ड जीवनसत्त्व कमी होतं, काहींना मुडदूस होता. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर हे आधी वाचायला हवं. मी स्वतः बी१२ची गोळी घेते. शेवाळातून किंवा मिसोतून त्याची गरज भागते, यावर विसंबून राहू नये.

या शिकवणीतलं मला सर्वांत पटलेलं तत्त्व म्हणजे शिन्दो फुजी: देह आणि माती वेगळे नाहीत, म्हणून जिथे राहतो तिथलं, ऋतूतलं खावं. मग पुण्यात बसून प्रत्येक गोष्ट जपानहून का मागवायची? अझुकी (बारीक लाल जपानी कडधान्य) आणि भोपळ्याची त्यांची ठरलेली जोडी मी लाल चवळी आणि लाल भोपळ्यावर करते, सुरेख होते. डायकॉनच्या जागी आपला मुळा. नाचणी, ज्वारी, वरी तर आहेतच. मिसो आणि उमेबोशी (खारवलेलं आंबट जपानी फळ) मात्र अजून विकतच आणते.

पुढचा टप्पा घरच्या मिसोचा. तांदळावर कोजी (मिसो आंबवणारी बुरशी) धरायला ऊब लागते, ती आपल्याकडे आहेच, पण एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात बरणी कुठे ठेवायची हे ठरत नाहीये. कुणी आपल्या हवेत मिसो घातला असेल तर मिठाचं प्रमाण आणि महिना जरूर कळवा.