"मी असाच आहे" म्हणणारे बॉस

"मी असाच आहे, मनात येतं ते तोंडावर बोलतो" असं छातीठोकपणे सांगणारा बॉस तुम्हालाही भेटला असेलच. गंमत अशी की हे लोक तोंडावर बोलतात ते फक्त हाताखालच्यांना, वरचे साहेब मीटिंगला बसले की हाच माणूस "येस सर, होऊन जाईल सर". मग तो स्पष्टवक्तेपणा जातो कुठे? म्हणजे तो स्वभाव नव्हताच, सोय होती.

लीडर ऑथेंटिक आहे की नाही हे मी एकाच गोष्टीवरून ठरवते, टीमसमोर बोलतो तेच तो वर जाऊन बोलतो का. बाकी रागीट, शांत, घुमा, बडबड्या, काहीही असू दे, लोक स्वभावाशी जुळवून घेतात. पण दोन तोंडं असतील तर त्याच्या प्रत्येक वाक्याचा अर्थ लावत बसावं लागतं आणि निम्मी एनर्जी तिथेच जाते.

माझी एक टीम लीड होती. एका वर्षी इन्क्रिमेंट नावापुरतंच मिळणार असं ठरलं, बाकीचे मॅनेजर "वरून आलंय, माझ्या हातात काही नाही" म्हणून मोकळे झाले. हिने एकेकाला बोलावलं, लॅपटॉप बंद केला आणि सांगितलं, "तुझ्यासाठी मी जास्त मागितलं होतं, नाही मिळालं. मला हे पटलेलं नाही, पण निर्णय झालाय आणि तो तुला मीच सांगायला हवा." समोरचा चिडला तर चिडू दिलं, मध्ये तोडलं नाही. त्याने पैसे कोणाचेच जास्त वाढले नाहीत हां! पण नंतर ती कधी म्हणाली की "या शनिवारी यावं लागेल, दुसरा मार्ग नाही", तर खरंच नाही का असं कोणी विचारलं नाही. आणि स्वतःच्या नोकरीचं टेन्शन तिलाही असणारच, ते मात्र तिने आमच्यावर ओतलं नाही. मनातलं सगळं ओकून टाकणं म्हणजे खरेपणा नव्हे.

यावर मला सत्या नडेला आठवतात. मायक्रोसॉफ्टचे सीईओ होऊन वर्षही झालं नव्हतं, ऑक्टोबर २०१४ मध्ये टेकमधल्या बायकांच्या कॉन्फरन्समध्ये त्यांना विचारलं की पगारवाढ मागायला संकोचणाऱ्या बायकांना काय सांगाल, तर हे म्हणाले सिस्टिमवर विश्वास ठेवा, न मागणं हे चांगलं कर्म आहे वगैरे. अर्थात गदारोळ झाला. त्याच दिवशी त्यांनी कर्मचाऱ्यांना मेल केला की माझं उत्तर साफ चुकलं, पगार वाढायला हवा असं वाटत असेल तर सरळ मागा. आता स्टेजवरचं उत्तर उत्स्फूर्त होतं आणि मेल विचार करून लिहिलेला, तरी मला तो मेलच जास्त खरा वाटतो.

नवीन प्रमोशन झालेल्यांची अडचण वेगळीच असते, त्यांना बॉससारखं बोलताना नाटक केल्यासारखं वाटतं. हर्मिनिया इबारा या प्राध्यापिकेने २०१५ साली हेच मांडलं होतं, की भूमिका बदलली तरी जुन्या "मी"ला घट्ट धरून बसलं तर माणूस तिथेच अडकतो. मला पटतं ते. सुरुवातीला अवघडल्यासारखं होणारच, त्यासाठी सगळं येत असल्याचा आव आणायची गरज नाही, "हे मला अजून माहीत नाही, गुरुवारी सांगते" म्हणायचं आणि गुरुवारी खरंच सांगायचं, तोपर्यंत उत्तर मिळालं नसेल तर तेही गुरुवारीच सांगायचं.