दोनांतला आमचा कोणता?

सिद्धेश्वराची गड्डा यात्रा उरकली की आमच्या दवाखान्यात एकदम गर्दी होते. यात्रेच्या दिवसांत लोक येणं पुढे ढकलतात. त्या मंगळवारीही बाहेरचे बाक भरले होते. मी सोलापुरात एका मनोविकारतज्ज्ञांकडे समुपदेशक आहे. औषधं डॉक्टर देतात, घरच्यांशी बोलणं माझ्याकडे.

विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतलं ते कुटुंब आठच दिवसांत परत आलं. काका टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतात. रात्रपाळी करून तसेच आले होते, भुवयांवर कापसाची तुसं तशीच. काकू विड्या वळतात. घरात तेलुगू, बाहेर मराठी. मुलगा बावीस वर्षांचा, मान खाली घालून बसलेला.

"मॅडम, पोरीला मावशीकडं अक्कलकोटला धाडलंय," काका म्हणाले. "ह्याला बाहेरच्या खोलीत झोपवतो. रात्री मधलं दार लावून घेतो."

"का? मारलं का त्यानं कुणाला?"

"नाही हो. पण दुसरा कधी बाहेर येईल, काय सांगावं?"

मला काही उमगेना. तेवढ्यात काकू पुढे सरकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "दोनांतला आमचा कोणता, ते तरी सांगा."

तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. आठ दिवसांपूर्वी काकांनी कागदावरच्या 'स्किझोफ्रेनिया' या शब्दावर बोट ठेवून अर्थ विचारला होता. पुढचा पेशंट दारात उभा होता. मी घाईत सांगून टाकलं होतं, "छिन्नमनस्कता. म्हणजे मन दुभंगणं." त्या एका वाक्यानं त्या घरात एका मुलाचे दोन झाले होते. चूक माझीच होती, आणि तसं मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

मग त्यांना शब्दाची जन्मकथाच सांगायला बसले. हा शब्द मांडला ऑयगेन ब्लॉयलर या स्विस डॉक्टरांनी, 1908 साली. त्याआधी या आजाराचं जे लॅटिन नाव होतं त्याचा अर्थ होता 'अकाली बुद्धिभ्रंश'. ब्लॉयलर झ्युरिकच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख होते, रोज रुग्णांमध्ये वावरणारे. सगळ्यांचीच बुद्धी जात नाही, काही जण सुधारतात, हे ते बघत होते. ते जुनं नाव त्यांना पटेना. म्हणून त्यांनी ग्रीकमधले दोन शब्द जोडले: 'स्किझाइन' म्हणजे चिरणं आणि 'फ्रेन' म्हणजे मन. आपलं 'छिन्न' आणि ते 'स्किझाइन' मुळात एकाच घरचे. फ्रेन म्हणजे आधी छातीखालचा पडदा, श्वासपटल. ग्रीकांचं मन तिथे राहायचं. आपल्या काळजीतही काळीज आहेच की.

पण एका देहात दोन माणसं, असं ब्लॉयलरना म्हणायचंच नव्हतं. तो वेगळा आजार, त्याचं नावही वेगळं. विचार, भावना आणि वागणं यांना जोडून ठेवणारे दुवे सैल होतात, एवढंच त्यांना सांगायचं होतं. दुर्दैवानं जगानं त्यातलं 'चिरणं' तेवढं उचललं. जपानी भाषेत तर या आजाराला 'मन फाटण्याचा आजार' अशाच अर्थाचं नाव होतं. रुग्णांच्या घरच्यांनी ते बदलायची मागणी लावून धरली आणि 2002 मध्ये ते बदललं. नवं नाव सांगतं, मनाचा मेळ बिघडलाय. त्यानंतर निदान मोकळेपणानं सांगणारे डॉक्टर तिकडे वाढले. मराठीतही आपण या शब्दाचा पुन्हा विचार करायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

काका बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी दोन्ही हातांची बोटं समोर उभी धरली, मागावरच्या ताण्यासारखी, म्हणजे उभ्या धाग्यांसारखी. "ताण जास्त झाला की ताण्यातला धागा तुटतो. माग थांबवायचा, गाठ मारायची, पुढं चालवायचा. त्याला कापड फाटलं म्हणत नाहीत."

ताण आणि ताणा, दोन्ही 'तन्' या एकाच धातूतून आलेले. 'तन्' म्हणजे पसरणं, ओढून धरणं. इतकी वर्षं रोज 'ताण' म्हणत आले, पण त्यात माग असेल हे कधी ध्यानात आलं नव्हतं. गाठ मारायला औषधं लागतील, ती मधेच सोडायची नाहीत, हेही मी लगेच सांगून घेतलं.

इतका वेळ मुलगा ऐकत होता. तो पहिल्यांदा बोलला. "मला जे ऐकू येतं, त्याला काय म्हणायचं?"

"भास."

"म्हणजे खोटं?"

"नाही. 'भास्' म्हणजे दिसणं, प्रकाशणं, जाणवणं. तुला आवाज खरंच जाणवतो. तो बाहेरून येत नाही, एवढंच. भ्रम वेगळा. त्यात 'भ्रम्' आहे, गरगर फिरणं. तो आवाज शेजाऱ्याचाच आहे आणि तो आपल्या वाईटावर आहे, असं मनानं धरलं की मन तिथंच फिरत राहतं."

तो आईकडे वळून तेलुगूत काहीतरी म्हणाला. काकूंनी पदर तोंडाला लावला. मी काकांकडे बघितलं.

"म्हणतोय, मी खोटं बोलत नव्हतो, अम्मा."

औषधांची चिठ्ठी हातात पडायच्या आधीच काकांनी अक्कलकोटला फोन लावला आणि पोरीला संध्याकाळच्या एसटीनं यायला सांगितलं.