द्राक्षाच्या मांडवाखालचा झपताल

नाच बसवायला घेतला की गाणं मी सगळ्यात शेवटी हातात घेते. आधी हालचाल शोधते, आणि शक्यतो कोणाच्या तरी कामातून शोधते. काम करणाऱ्या माणसाचा हात उगीच फिरत नाही, म्हणून त्यातली लय खरी असते. नाशिकमध्ये राहून द्राक्षबागेवर नाच बसवायचा म्हटल्यावर दिंडोरीकडच्या बागेत जाऊन उभं राहायलाच हवं होतं. तो नाच आधी रंगमंचावर झाला आणि नंतर कॅमेऱ्यासमोर गेला. कथक शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून तो सगळा प्रवास लिहितेय.

ऑक्टोबर छाटणीनंतर घड बाहेर पडतात, मणी धरतात आणि मग थिनिंग सुरू होतं. दाटलेल्या घडातले जादाचे मणी बारीक टोकाच्या कात्रीने काढायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा होते. मांडवाच्या बागेत घड डोक्यावर लोंबतात, त्यामुळे बायका दिवसभर हात वर करून काम करत असतात. मी एका मावशींच्या शेजारी उभी राहून नुसती त्यांची बोटं बघत होते. डाव्या हाताच्या दोन बोटांत घडाचा देठ. उजव्या हातातली कात्री दोनदा चालायची, घड जरासा फिरायचा, मग तीनदा चालायची. मग कात्री थांबायची. मावशी घड निरखायच्या, अंदाज घ्यायच्या आणि पुन्हा कात्री लावायच्या.

“हात भरून येत असतील ना हो?” मी विचारलं.

“हाताचं काही नाही ताई, मान धरती. रात्री कूस बदलता येत नाही.”

माझा नाच या उत्तरावर उभा आहे. तोवर माझं सगळं लक्ष बोटांवर होतं. परत येताना मात्र मान घेऊन आले.

दोन, तीन, थांबणं, पुन्हा तीन. झपताल या तालाच्या 10 मात्रा, म्हणजे मोजणीचे ठोके, 2-3-2-3 अशाच विभागलेल्या असतात आणि सहाव्या मात्रेवर खाली येते, म्हणजे तिथे टाळी न देता हात रिकामा सोडतात. घड निरखण्याचा क्षण मी खालीच्या विभागात ठेवला. तिथे तबल्याच्या डाव्या डग्ग्याची घुमारही मिटते, त्यामुळे ते थांबणं वेगळं दाखवावं लागत नाही. कथकमध्ये हात बहुतेक वेळा छातीच्या पातळीवरून निघतात आणि तिथेच परततात. इथे मी मुलींना आवर्तनामागून आवर्तनं, म्हणजे तालाच्या फेऱ्यांमागून फेऱ्या, हात वरच ठेवायला लावले. पहिल्या तालमींत खांदे भरून यायचे, चेहरे आवळले जायचे. तो ताण मी घालवला नाही. अभिनय म्हणून वेगळं काही शिकवण्यापेक्षा शरीराला खरोखर जे होतंय ते दिसू देणं मला जास्त मोलाचं वाटतं.

महाकवी कालिदास कलामंदिरातल्या प्रयोगासाठी नेपथ्य काहीच ठेवलं नाही. मांडव प्रकाशातून उभा करायचा होता. पण वरून दिवे सोडले तर वर केलेल्या हातांची सावली थेट चेहऱ्यावर पडते. म्हणून मुख्य प्रकाश दोन्ही बाजूंच्या विंगांमधून घेतला आणि वरून फक्त जाळीदार कवडसे सोडले. मुलींच्या ओळी तिरक्या लावल्या, कारण वेलींच्या सरी सरळ समोरून दाखवल्या तर मागची मुलगी पुढचीच्या आड जाते. मानेची हालचाल शेवटच्या रांगेपर्यंत पोचेना, तेव्हा ती पाठीतून सुरू केली. कंबरेपासून वर चढत आलेला बाक मानेपाशी संपला की लांब बसलेल्या माणसालाही कळतो.

पुढे शहरातल्याच एका तरुण दिग्दर्शकाने यावर लघुपट करायचा ठरवला. चित्रीकरण खऱ्या बागेत. माझी पहिली अट होती की रंगमंचावरचा नाच उचलून तिथे ठेवायचा नाही. नाट्यगृहात सगळ्यात रुंद जागा प्रेक्षकांच्या जवळ असते आणि मागे जावं तशी नजरेची रेषा आवळत जाते. कॅमेऱ्याचं बरोबर उलटं. भिंगाजवळ जागा चिंचोळी, लांब जावं तशी पसरत जाणारी. म्हणजे मंचावर ज्या ओळीचं टोक पुढे होतं, ते बागेत मागे न्यावं लागलं. सगळ्या जागा कागदावर नव्याने आखल्या.

बागेनेही पुष्कळ काही ठरवलं. मातीवर तत्कार, म्हणजे कथकमधलं पायांचं ठेक्यातलं काम, वाजत नाही. घुंगरं किणकिणतात, पण तळव्याचा आघात माती गिळून टाकते. वर तारा आणि बाजूला खांब, त्यामुळे हात पसरून चक्कर घेणं अशक्य. मी पदन्यास जवळजवळ पूर्ण काढला आणि ठेका कात्र्यांकडे दिला. आवाज मागाहून भरण्यापेक्षा खऱ्या कात्र्यांचाच घ्यावा हा आग्रह ध्वनिमुद्रकाने मनापासून मानला. कॅमेरा हातभर अंतरावर आल्यावर पाठीतला बाक मोठा वाटू लागला, म्हणून मान पुन्हा मानेपुरतीच ठेवली. हनुवटीखालची ताणलेली शीर आणि मधूनच गिळलेला आवंढा, तेवढं पुरलं.

यावरून ‘कालिया मर्दन’ आठवतो. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी नाशिकच्या आपल्या कंपनीतून 1919 साली काढलेल्या या चित्रपटात कृष्ण झाली होती त्यांचीच लहानगी मंदाकिनी. कथा सुरू होण्याआधी फाळके तिच्या चेहऱ्यावरचे बदलते भाव नुसते दाखवत राहतात. कॅमेऱ्यापुढचा अभिनय चेहऱ्यापासून सुरू होतो, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. नाशिकच्या नृत्यवर्गांत हा तुकडा दाखवला पाहिजे असं मला फार वाटतं.

काही भाग संथगतीत हवा होता. त्यासाठी कॅमेरा सेकंदाला 24 ऐवजी 48 फ्रेम टिपतो आणि सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवतात. मग पडद्यावर हालचाल निम्म्या वेगाने दिसते, तरी ठेक्याला धरून राहते. मुलींना हे अजिबात जड गेलं नाही. ठाह आणि दुगुन, म्हणजे मूळ लय आणि तिची दुप्पट, तर रोजच्या रियाजातलीच. अशा वेळी शास्त्रीय तालमीची किंमत कळते.

खरी रस्सीखेच संकलनात झाली. संकलकाला प्रत्येक समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, दृश्य तोडायचं होतं, ठोका तिथे पडतो म्हणून. माझं म्हणणं असं की सम शरीरावर येताना दिसली पाहिजे. त्याच क्षणी चित्र बदललं तर सम संकलकाच्या कात्रीची होते, नाचणारीची राहत नाही. समेआधी दोन मात्रा तोडा, नाहीतर समेनंतर एखादी मात्रा जाऊ द्या. शेजारी बसून दोन्ही पद्धतींनी जोडून पाहिलं आणि बहुतेक ठिकाणी तो माझ्याकडे आला. शेवटच्या तिहाईत, म्हणजे तीनदा येऊन समेवर संपणाऱ्या तुकड्यात, मात्र त्याने धरलेली जागाच बरोबर होती. तिथे मुलीचा हात वर जाता जाता दृश्य मावशींच्या हातावर जातं, आणि सम त्यांच्या कात्रीवर पडते.