हलवू नकोस, चार तास राहू दे

आईच्या फोनवर एक प्रश्न ठरलेला असतो. "अगं, दिवसभर त्या पटकीच्या जंतूंजवळ बसतेस, भीती नाही वाटत?" हातमोजे असतात, बंद कॅबिनेटमध्ये काम असतं, एवढं सांगून मी विषय बदलते. खरं उत्तर फोनवर मावत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

या प्रयोगशाळेत आल्यावर पहिला महिनाभर माझ्या जिवाणूंनी विष केलंच नाही. पटकीचा जिवाणू व्हिब्रिओ कॉलरी, एल टॉर प्रकारचा, म्हणजे सध्याच्या जागतिक साथीचा. रात्री फ्लास्क ३७ अंशांवर शेकरवर ठेवायची. सकाळी माध्यम गढूळ झालेलं, वाढ भरपूर. पण विष मोजायची, विष असेल तर निळी होणारी एलायझा प्लेट लावली की सगळी घरं पाण्यासारखी स्वच्छ. मी अँटिबॉडी बदलली, द्रावणं नव्याने केली, फरक शून्य. शेवटी शेजारच्या बाकावरच्या सीनियरने माझी वही वाचली आणि म्हणाली, "हलवू नकोस. चार तास राहू दे."

बायकार्बोनेट घातलेलं माध्यम, वर हवेला फार जागा राहू नये अशी भरलेली नळी, चार तास अजिबात धक्का नाही. मग सगळं फ्लास्कमध्ये ओतायचं आणि तेव्हा कुठे शेकरवर. या पद्धतीला एकेआय म्हणतात. दुसऱ्या दिवशी प्लेटवर निळा रंग चढताना मी उभीच राहून पाहत होते.

जिवाणू तेच, जनुकंही तीच. मग महिनाभर ती गप्प का होती? आईला मला हेच सांगायचं आहे. हा जिवाणू सदासर्वकाळ मारायला टपलेला नसतो. खाडीच्या पाण्यात, कोपेपॉडसारख्या बारीक जीवांच्या कवचांना चिकटून तो राहतो आणि तिथे त्याला विषाचा काही उपयोग नसतो. रोगाची जनुकं तेव्हा बंद असतात. एच-एनएस नावाचं प्रथिन डीएनएच्या त्या भागावर ठाण मांडून बसलेलं असतं. ते हटल्याशिवाय पुढचं काही होत नाही.

हटवण्याची साखळी आतड्यात सुरू होते. टॉक्स-आर आणि टीसीपी-पी ही दोन प्रथिनं जिवाणूच्या आतल्या पटलात रुतलेली असतात. टॉक्स-आर १९८४ साली सापडलं, आणि ते मला अजूनही थक्क करतं: त्याचं एक टोक पटलाबाहेर, तर दुसरं टोक आत थेट डीएनए धरतं. मध्ये निरोप्या कोणी नाही. ही दोघं मिळून टॉक्स-टी या तिसऱ्या प्रथिनाचं जनुक चालू करतात. मग टॉक्स-टी एच-एनएसला बाजूला सारून दोन कामं एकदम सुरू करतं. एक, आतड्यात वसाहत करायला लागणारे केसासारखे तंतू, म्हणजे पिलस. दुसरं, विष. त्या विषामुळे आतड्याच्या पेशी क्लोराइड बाहेर टाकत राहतात, मागोमाग पाणी जातं, आणि माणूस काही तासांत कोरडा पडतो. हे विष जिवाणूपासून वेगळं काढलेल्या द्रावातही असतं, हे कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवलं. आमच्या गटाच्या बैठकीत त्यांचं नाव निघालं की मला फार बरं वाटतं.

टॉक्स-टीची रचना २०१० मध्ये उलगडली, तेव्हा त्याच्या पोटात एक मेदाम्ल अडकलेलं दिसलं. असंपृक्त मेदाम्ल आत असेल तर टॉक्स-टी डीएनए धरू शकत नाही. अशी मेदाम्लं पित्तात असतात. उलट बायकार्बोनेट त्याचा जोर वाढवतं, आणि ते आतड्याच्या अस्तरातूनच स्रवतं. म्हणजे आतड्याच्या पोकळीत गप्प राहायचं आणि भिंतीजवळ पोचल्यावर कामाला लागायचं, असं हे गणित असावं. माझ्या नळीतलं बायकार्बोनेट हीच भिंत जवळ आल्याची खूण देत होतं, असं मी समजते.

आणि गर्दी झाली की हा जिवाणू थांबतो. बरेच रोगजंतू संख्या वाढल्यावर हल्ला करतात, हा उलटा. सोडलेले रासायनिक संकेत दाटले की हॅप-आर नावाचं प्रथिन तयार होतं आणि वरची साखळी मुळाशीच तोडतं. त्याच वेळी चिकटलेली जागा सोडवणारं प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं तोडणारं विकर, सुटतं. आता बाहेर पडून पुन्हा पाण्यात जायचं असतं.

विषाची जनुकं मुळात त्याची स्वतःची नव्हेतच. ती एका फेजने, म्हणजे जिवाणूंना लागणाऱ्या विषाणूने आणली, हे १९९६ मध्ये कळलं. तो फेज आत शिरतो तो त्याच पिलसला धरून. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

या आठवड्यात मी नळीत थोडं लिनोलेइक आम्ल, म्हणजे तसंच एक असंपृक्त मेदाम्ल, घातलं. बाकी सगळं तसंच, चार तास न हलवता. काल सकाळी माध्यम गढूळ होतं, जिवाणू जिवंत, वाढ चांगली. शेजारी आम्ल न घातलेल्या नमुन्याच्या रांगेत निळा रंग भरला. माझ्या रांगेतली घरं पाण्यासारखी स्वच्छ राहिली, आणि यावेळी मला तेच हवं होतं.