भावाचं दिव्यांग प्रमाणपत्र: आम्ही कुठे अडकलो

भावाचं प्रमाणपत्र हातात आलं, त्यावर त्याने मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरची तार नव्याने गुंडाळायचं, प्रशिक्षणही पूर्ण केलं, तरी त्या खिडकीवरचा माझा राग अजून गेलेला नाही. म्हणून हे लिहिते आहे. आपल्या खान्देशात कितीतरी घरांत असा एखादा मुलगा नाहीतर मुलगी वर्षानुवर्षं बसून असते, आणि घरच्यांना वाटतं की हा कागद फक्त हातापायाने अधू असलेल्यांना मिळतो.

भावाला स्किझोफ्रेनिया आहे. आयटीआयला असताना सुरू झाला. आधी भगत, मग नवस, मग मनोविकारतज्ज्ञ, हा क्रम बहुतेकांच्या ओळखीचा असेल. गोळ्या लागू पडल्या, कानात येणारे आवाज थांबले. पण पोरगा घराबाहेर पडेना. आबा कापसाच्या वेचणीला हाक मारायचे, तेव्हा तो यायचा, बांधावर उभा राहायचा आणि न सांगता परत जायचा.

ऑनलाइन अर्ज सोपा आहे. युडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या, स्वावलंबन पोर्टलवर आधार, फोटो, पत्ता टाकला की झालं. पुढे जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात तपासणी असते. आमचं गाडं तिथे रुतलं.

खिडकीवरच्या माणसाने भावाकडे वर-खाली पाहिलं आणि म्हणाला, "याले काय जायं? चांगला ते दिखस!" (याला काय झालंय? चांगला तर दिसतो!) मागे रांग उभी होती. भावाने मान खाली घातली ती संध्याकाळपर्यंत वर केली नाही. मी फाइल पुढे केली, उपचाराचे सगळे कागद दाखवले. त्याने ते उलटूनही पाहिले नाहीत. "बुद्ध्यांक चाचणीचा रिपोर्ट आणा," म्हणाला.

आणला. त्या चाचणीसाठी पुन्हा वेगळी तारीख, पुन्हा यष्टीचा प्रवास, पुन्हा आबांचा एक दिवस बुडाला. भावाचा बुद्ध्यांक चांगला निघाला, आणि निघणारच होता, दहावीला गणितात तो वर्गात पुढे होता. तर तोच कागद पाहून खिडकीतून उत्तर आलं, "नॉर्मल आहे. मग यात बसत नाही." अर्ज बाजूला ठेवला.

मी तिथेच उभी राहून भांडले. पण भांडून काही होत नाही, हे दोन-तीन खेपांत कळलं. घरी येऊन 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा मोबाइलवर काढला. त्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. बौद्धिक अक्षमता हा एक आणि मानसिक आजार हा दुसरा. मानसिक आजाराच्या व्याख्येत स्पष्ट लिहिलंय की मतिमंदत्व, म्हणजे बौद्धिक अक्षमता, यात धरायचं नाही. म्हणजे ज्या चाचणीसाठी आम्हाला पळवलं, ती बौद्धिक अक्षमतेची, तिचा भावाच्या आजाराशी संबंधच नव्हता. त्या पानाची झेरॉक्स काढली, खाली लाल पेनाने रेघ मारली. यावेळी खिडकीवर न जाता थेट मनोविकार विभागाच्या ओपीडीत जाऊन बसले. डॉक्टरांनी पान वाचलं, अर्जावरचा 'बौद्धिक अक्षमता' हा चुकीचा प्रकार खोडून 'मानसिक आजार' लिहिलं, सही केली आणि शिपायाला म्हणाले, "हा कागद स्वतः नेऊन दे." इतकंच करायचं होतं. ते पहिल्या दिवशी झालं असतं तर भावाला त्या रांगेत पुन्हा पुन्हा उभं राहावं लागलं नसतं. मला त्याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

जुन्या चिठ्ठ्या फेकू नका, हे आधीच सांगायला हवं होतं. या तपासणीत आयडियाज नावाची मोजपट्टी वापरतात. स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, अशा चार बाबींना प्रत्येकी 0 ते 4 गुण असतात. आजार किती वर्षांपासून आहे त्याचे गुण वेगळे. पहिल्या डॉक्टरांची पिवळी पडलेली चिठ्ठी आम्हाला तिथे कामी आली.

आणि सोबत रोज जवळ राहणारं माणूस न्या, पण घरातून बोलून ठरवून न्या. डॉक्टरांनी विचारलं, "आंघोळ स्वतः करतो का?" माय लगेच म्हणाली, "करतो ना, समदं करतो, गुणी आहे माझा." आईचं मन ते, चारचौघांत पोराला कमी कशी म्हणेल! मग मी सांगितलं, तीनदा सांगितल्याशिवाय न्हाणीत जात नाही. श्रावणात कानबाईच्या रोटांना सगळी भाऊबंदकी घरात जमते, तेव्हा हा गोठ्यात जाऊन बसतो, ताट तिकडेच न्यावं लागतं. मायने पदर डोळ्याला लावला. पण खरं सांगितल्याशिवाय गुण पडत नाहीत, त्या गुणांवरूनच दिव्यांगत्वाचे टक्के ठरतात, आणि बहुतेक सवलतींना निदान 40 टक्के लागतात.

प्रशिक्षणाचं मात्र पटकन झालं. प्रत्येक जिल्ह्यात अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते, आरसेटी म्हणतात. शिकवणं, राहणं, जेवण मोफत. शेळीपालन, शिवण, मोबाइल दुरुस्ती, बरंच काही असतं. भावाने स्वतः मोटर रिवाइंडिंग निवडलं. आपल्याकडे विहिरीवरची मोटर जळाली की सगळं शेत थांबतं, काम कुठेही मिळेल, असं तोच म्हणाला. कितीतरी दिवसांनी तो पुढचं काही बोलला होता.

मी सरांना आधीच भेटून सांगितलं, रात्रीच्या गोळीने सकाळी झापड असते, पहिला तास उशिरा आला तर चालेल का? ते हो म्हणाले. कायद्यात अशी वाजवी सोय करून द्यायची तरतूद आहेच, पण त्यांनी कायदा न विचारताच दिली. पहिल्या आठवड्यात तांब्याच्या तारेचे वेढे घालताना त्याची बोटं थरथरायची, मोजणी चुकायची. ती थरथर औषधाची असू शकते, म्हणून डॉक्टरांना कळवलं, त्यांनी गोळ्या बदलून दिल्या. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, त्यापेक्षा फोन करा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलतात, रात्रीही लागतो.

औषधासाठी दर वेळी जिल्ह्याला जायचीही गरज नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात येतं. दिवस आशाताईला विचारा.

प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्यावर मुदत लिहिलेली असते. ती संपायच्या आधीच नूतनीकरणाचा अर्ज टाका. आमच्या गल्लीतल्या एका काकूंच्या मुलीचा अर्ज परवा मीच भरला. प्रकाराच्या रकान्यात 'मानसिक आजार' निवडलं, आणि कायद्याचं ते पान फाइलमध्ये सगळ्यात वर लावून दिलं.