‘वेळ आली की कळेल’ या उत्तराने आमचे काहीच भागले नाही

आमच्या मनी या मांजरीला कायमचे झोपवण्याचा निर्णय घ्यावा लागला त्याला आता बरेच महिने लोटले आहेत. दुःख थोडे निवले आहे, पण त्या काळात जे एक वाक्य आम्हाला पुनःपुन्हा ऐकवले गेले, त्याचा राग अजून गेलेला नाही. ‘वेळ आली की तुमचे तुम्हालाच कळेल’, असे डॉक्टरांनी सांगितले, त्यांच्या सहायकाने सांगितले आणि घरी मांजर-कुत्रे असलेल्या जवळजवळ प्रत्येक परिचितानेही सांगितले. ज्याचा प्राणी अपघातात सापडला त्याला ते कळत असेल, परंतु जो आजार प्राण्याला हळूहळू झिजवत नेतो त्यात तसे काही कळत नाही. ज्यांच्या घरी आज हाच प्रश्न उभा आहे त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

मनी 15 वर्षांची होती आणि तिला मूत्रपिंडाचा जुनाट आजार होता. निदान, रक्ततपासण्या, औषधे हे सगळे सुरळीत पार पडले. या आजाराचे चार टप्पे मानतात आणि मांजराच्या रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने गाळून बाहेर टाकायचे टाकाऊ द्रव्य) दर डेसिलिटरला 5 मिलिग्रॅमच्या पुढे गेले की चौथा, म्हणजे शेवटचा टप्पा धरतात. तिथे पोहोचल्यावर आम्ही घरीच कातडीखाली सलाईन द्यायला शिकलो. सलाईनची पिशवी आधी कोमट पाण्यात ठेवावी, कारण गार द्रव आत जाऊ लागला की मांजर अंग आक्रसून घेते आणि सुई निसटते.

खरी अडचण या सलाईननेच निर्माण केली. ते दिल्याच्या दुसऱ्या दिवशी मनी उठून खिडकीत जाऊन बसे, पंजा चाटून तोंड पुसे, वाटीतले चार घास खाई, आणि घरातले सगळे म्हणत की बघा, सावरतेय. त्यानंतरच्या दिवशी ती पाण्याच्या भांड्यापाशी जाऊन काठावर हनुवटी टेकवून बसे, पाण्याकडे पाहत राही आणि पीत मात्र नसे. सलाईनने शरीरातला पाण्याचा तुटवडा भरून निघतो आणि रक्तात साठलेली विषारी द्रव्ये काही काळ पातळ होतात. निकामी झालेले मूत्रपिंड त्याने पुन्हा काम करू लागत नाही. प्रत्येक उभारी आधीच्यापेक्षा तोकडी होती, परंतु रोज तिच्या उशाशी बसणाऱ्या माणसाला हा उतार दिसत नाही. शिवाय मांजर दुखणे लपवते आणि वेदनेतही गुरगुरते, त्यामुळे ‘मांडीवर बसून गुरगुरतेय, म्हणजे ठीक आहे’ या समजावर विसंबू नये.

दर भेटीत क्रिएटिनिनचा आकडा नवा मिळे आणि ‘कधी?’ या प्रश्नाचे उत्तर जुनेच मिळे. निर्णय पाळणाऱ्याचा असतो, हे मला पूर्ण मान्य आहे. पण ज्यांनी हा आजार शेवटपर्यंत जाताना अनेकदा पाहिला आहे, त्यांनी तो पहिल्यांदाच पाहणाऱ्या माणसाला त्याच्या अंतःप्रेरणेच्या हवाली करून मोकळे व्हावे, हे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. शेवटी मी प्रश्नच बदलला. ‘आम्ही काहीच ठरवले नाही, तर हिचा शेवट कसा होईल?’ असे विचारल्यावर डॉक्टरांनी पेन खाली ठेवले आणि प्रथमच सविस्तर बोलले. तोंडात व्रण पडतील, उलट्या थांबणार नाहीत, झटके येऊ शकतील, शुद्ध हरपेल. याला काही दिवसही लागतील आणि कदाचित दवाखाना बंद असताना, मध्यरात्री हे घडेल. ऐकणे कठीण होते, परंतु आम्हाला हवी होती ती माहिती हीच होती. तुम्ही हाच प्रश्न विचारा, आणि पहिल्याच भेटीत विचारा.

त्यानंतर आम्ही एक मोजपट्टी वापरली. अ‍ॅलिस व्हिलालोबोस या अमेरिकी पशुकर्करोगतज्ज्ञांनी 2004 मध्ये ती मांडली. वेदना, भूक, शरीरातले पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांच्या तुलनेत चांगले दिवस, अशा सात बाबींना प्रत्येकी 10 पैकी गुण द्यायचे. बेरीज 35 च्या वर असेल तर प्राण्याचे जगणे सुसह्य मानायचे. मुलगी आणि मी वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकींचे न पाहता गुण लिहीत असू आणि कमी असलेली बेरीज धरत असू, कारण आशेपोटी गुण वाढतात, कमी होत नाहीत. सलाईन दिल्याच्या दुसऱ्या, म्हणजे उभारीच्या दिवशी आम्ही गुण देणेच बंद केले. तेव्हा कुठे तो उतार कागदावर दिसला, आणि बेरीज 35 च्या खाली राहू लागल्यावर आम्ही दिवस ठरवला.

त्या सकाळी तिने थोडे खाल्ले. असे होऊ शकते, याची मनाची तयारी आधीच ठेवा, कारण त्या चार घासांवरून अख्खे घर पुन्हा चर्चेला बसते. आम्ही कागद समोर ठेवले आणि ठरल्याप्रमाणे निघालो.

प्रत्यक्ष क्रिया शांतपणे झाली. आधी गुंगीचे इंजेक्शन द्यावे, असा आग्रह धरा. त्यानंतरच्या औषधाने, म्हणजे भूल देणाऱ्या द्रव्याच्या मोठ्या मात्रेने, आधी शुद्ध जाते आणि मग श्वास व हृदय थांबते. अशा मांजराचा रक्तदाब घसरलेला असला तर शीर सापडायला वेळ लागतो, म्हणून नळी आधीच लावून ठेवायला सांगा. डोळे उघडे राहतात, हृदय थांबल्यावरही एखादा श्वास घेतल्यासारखी हालचाल होते, आणि लघवी होऊ शकते. हे मी मुलीला आधी सांगितले होते म्हणून ती तिच्याजवळ थांबू शकली. संमतीपत्रावर सही आणि पैशांचा व्यवहार आत जाण्यापूर्वीच उरकून घ्या. डॉक्टर घरी येत असतील तर उत्तमच. नसतील तर दिवसातली शेवटची वेळ मागून घ्या, म्हणजे भुंकणाऱ्या कुत्र्यांनी भरलेल्या खोलीत तिला टोपलीत घेऊन ताटकळावे लागणार नाही.