पाटोडीले पाटोडी म्हन

मे महिन्यातली दुपार होती. बोरी नदीकडून येणारा वारासुद्धा भट्टीतून निघाल्यासारखा अंगावर येत होता, आणि पुण्याहून आलेल्या मुलीने मोठ्या हौसेने केलेला आल्याचा चहा माझ्यासमोर कपात फाटून बसला होता. तिने वर्षभरापासून दूध सोडले आहे, त्यामुळे येताना ती सोयाबीनच्या दुधाचा खोका बरोबर घेऊन आली होती. चहाचा किंचित आंबटपणा आणि उकळीची उष्णता एकत्र आली की सोयाबीनचे प्रथिन गोठते, टोफूही अशाच गोठण्यातून होतो, असे तिनेच मला समजावले. म्हणजे मी चहात विरजलेला टोफू पीत होतो, एवढेच. मी खोका फिरवून पाहिला. 'दूध' हा शब्द त्यावर कुठेच नव्हता, 'सोया पेय' असे छापलेले होते. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे असल्या पेयाला दूध म्हणता येत नाही आणि युरोपीय न्यायालयानेही 2017 मध्ये असाच निकाल दिला आहे. नारळाच्या दुधाला तेवढी सूट मिळाली. त्याच्याशी भांडण्याची कोणाची छाती झाली नसावी.

फ्रिजमध्ये खिम्याचे एक पाकीटही होते, अर्थात वनस्पतीजन्य. त्यात वाटाण्याचे प्रथिन, चरबीच्या जागी खोबरेल, रक्ताच्या जागी बिटाचा रंग आणि हे सारे धरून ठेवायला एक असा पदार्थ होता, जो तापला की घट्ट होतो आणि निवला की सैल पडतो. माणसांतही असे नमुने असतात, पण ते असो. चवीबद्दल माझी तक्रार नाही. आमचा काळा मसाला पडल्यावर तो खिमा चांगलाच लागला. माझी अडचण वेगळी आणि थोडी हटवादी आहे. एखाद्या वस्तूने दुसऱ्या वस्तूची जागा खुशाल घ्यावी, मात्र तिचे सोंग घेऊ नये, असे मला लहानपणापासून वाटते. सोयाबीनच्या वडीबद्दल मला आदर आहे तो याचसाठी. तेल काढलेले पीठ ओलावून यंत्राच्या बारीक तोंडातून उष्णतेने आणि दाबाने बाहेर काढतात, बाहेर येताच आतली वाफ सुटते आणि वडी फुगते. पण धुळ्याच्या वसतिगृहात चार वर्षे ती खाताना तिने मला कधी मटण असल्याचे सांगितले नाही.

हा हटवादीपणा आजीकडून आला. आजोबा गेल्यानंतर पंढरपूरला जाऊन तिने माळ घातली आणि मटण सोडले. घरात मात्र रविवारी मटण शिजत असे, तेही मागच्या अंगणात, वेगळ्या चुलीवर आणि वेगळ्या भांड्यांत. त्या दिवशी आजी आपल्यापुरता पाटोडीचा रस्सा करी. कांदा निखाऱ्यात भाजायचा, सुके खोबरे काळपट होईपर्यंत परतायचे, लवंग, मिरी, दगडफूल, धने हे सारे पाट्यावर वाटायचे. मटणाला जे लागते, त्यातले एकही ती गाळत नसे. ओवा घातलेले बेसन घट्ट भिजवायचे, जाडसर लाटून शंकरपाळ्यांसारखे कापायचे आणि खळखळत्या रश्श्यात एकेक करून सोडायचे. रस्सा आधी चांगला पातळ ठेवावा लागतो, कारण पाटोड्या शिजता शिजता तो आटवतात. वास दोन्ही चुलींवरून सारखाच येई. काका अंगणातले ताट संपवून हळूच आजीच्या पातेल्याकडे वळत, आणि मी एकदा कळण्याच्या भाकरीचा तुकडा बुडवत म्हणालो, "आजी, हे तुझे मटणच ना?" तिने पळी खाली ठेवली. "हाई पाटोडी शे, भो. पाटोडीले पाटोडी म्हन."

तुपाच्या बाबतीत मात्र आमच्या घरात एवढी सचोटी नव्हती. पिवळ्या डब्यातले वनस्पती तूप आई साजूक तुपात मिसळून बट्टीवर वाढत असे, आणि तिच्या भोळ्या समजुतीप्रमाणे ते कोणाला कळत नसे. आजीला पहिल्या घासाला कळे, कारण ते तोंडाच्या उबेला पुरते वितळत नाही, टाळूला चिकटून राहते. याला आमच्या तालुक्याचा हातभार आहेच. 1945 मध्ये हाशम प्रेमजी यांनी अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी काढली. तीच पुढे विप्रो झाली. निकेलच्या सान्निध्यात तेलात हायड्रोजन सोडला की ते थिजते आणि तुपासारखे दिसू लागते. ते तुपात मिसळून विकणाऱ्यांना पकडता यावे म्हणून प्रत्येक डब्यात पाच टक्के तिळाचे तेल घालण्याची सक्ती सरकारने केली, कारण संशयास्पद तुपात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल घातले की तिळाच्या तेलामुळे ते गुलाबी-लाल होते. तोतयाच्या खिशात त्याचीच ओळखचिठ्ठी शिवून ठेवणारा हा कायदा मला फार आवडतो. आईला तो ठाऊक नव्हता. आजी मात्र काही न बोलता बट्टी कोरडीच खाई, आणि रिकाम्या पिवळ्या डब्यात कळण्याचे पीठ भरून ठेवी.

शेवटच्या वर्षी आजीला माणसे ओळखू येईनाशी झाली. माळ गळ्यात होती, पण ती कशासाठी घातली हे तिच्या लक्षात राहिले नव्हते. एका रविवारी अंगणातून वास आला आणि ती अंथरुणावरून म्हणाली, "आज मटन करेल शे का?" काकू क्षणभर थांबली. मग आत जाऊन तिने पाटोडीचा रस्सा केला, पाटोड्या बोटांनी कुस्करल्या आणि वाटी आजीच्या तोंडाशी धरली. आजीने सावकाश चार घास खाल्ले. "चांगलं शिजेल शे," ती म्हणाली.

खोलीत आम्ही सहा-सात जण होतो. पाटोडीला पाटोडी कोणी म्हटले नाही. मीही नाही.